गिरणगावात थंडी किती होती?

आमच्या घरात एक वाद वर्षानुवर्षे चालू होता. डिसेंबर उजाडला, पहाटे चाळीच्या गॅलरीत उभे राहिल्यावर अंगावर पहिला काटा आला, की तो हमखास उकरला जायचा. बाबा म्हणायचे, "मुंबईत खरी थंडी पडली ती बासष्ट साली. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी." आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, "अहो, दुसरा दिवस कुठला? सोमवार होता तो. आजीचा सोमवारचा उपास होता, आणि पाण्यात हात घालवेना म्हणून तिनं त्या दिवशी आंघोळसुद्धा दुपारी केली." बाबा म्हणायचे, "अगं, मी गिरणीच्या गेटवर उभा होतो. मला नाही आठवणार?" पुढे चहा व्हायचा आणि वाद दुसऱ्या दिवसावर जायचा.

१९६२ मध्ये या दोघांचे लग्न झालेले नव्हते. बाबा संगमेश्वराकडून येऊन परळच्या एका गिरणीत रातपाळीला लागलेले, गाववाल्यांच्या खोलीत राहणारे. आई गिरगावात, मुगभाटातल्या एका चाळीत वाढलेली, तेव्हा चौदा वर्षांची. म्हणजे दोघांच्या आठवणी एकाच शहरातल्या असल्या तरी एका जागेवरच्या नव्हत्या. मी पुढे भूगोलाचा शिक्षक झालो, मुलांना समताप रेषा शिकवल्या, पण घरातला हा वाद तपासून पाहावा असे मला निवृत्त होईपर्यंत सुचले नाही. तपासायला लागलो तेव्हा वादाचा निकाल लागलाच, शिवाय एक वेगळाच प्रश्न हाती आला. मुंबईच्या थंडीची नोंद आहे, ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, जगातल्या फार थोड्या शहरांकडे असेल इतकी ती सलग आहे. पण ज्या भागात या शहराची निम्मी कष्टकरी वस्ती दाटीवाटीने राहत होती, त्या परळ-लालबागेत थंडी किती होती? हा लेख त्या प्रश्नाचा शोध आहे.

तापमापक कुठे होता?

मुंबईच्या हवामानाची कहाणी कुलाब्याला सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तेथे वेधशाळा उभारली, ती थंडी-वाऱ्यासाठी नव्हे. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी होती, आकाशातल्या ताऱ्यांचे वेध हवे होते. समुद्रात अक्षांश-रेखांश चुकले तर माल बुडतो, म्हणून घड्याळ बरोबर हवे. हवामानाच्या आणि चुंबकीय निरीक्षणांची शिस्तशीर सुरुवात १८४१ मध्ये झाली, एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामात ऑर्लिबारांच्या हाताखाली एक अलिबागकडचा मुलगा होता, विशीही न गाठलेला. तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. नागावात जन्मलेले केरूनाना काका बापू छत्रे यांच्याकडे मुंबईत शिकायला आले आणि वेधशाळेत लागले. पुढे ते पुण्याला प्राध्यापक झाले, लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या उमेदीची सुमारे दहा वर्षे कुलाब्याच्या उपकरणांजवळ गेली. ठरलेल्या वेळी उठायचे, आकडा वाचायचा, लिहायचा. हे काम कंटाळवाणे असते. हवामानशास्त्र मात्र अशा कंटाळवाण्या कामावरच उभे आहे.

नंतर चार्ल्स चेंबर्स यांनी या नोंदींच्या आधारे मुंबई इलाख्याच्या हवामानावर १८७८ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. १८९६ मध्ये नानाभाई फ्रामजी मूस वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. त्यांच्याच काळात मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेमुळे चुंबकीय सुया विचलित होणार, म्हणून ट्राम धावू लागण्याआधीच चुंबकीय विभाग अलिबागला हलवण्यात आला. ही हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. आपण चुंबकसुई कोठे ठेवली आहे यावर तिचे उत्तर अवलंबून आहे, हे मूस यांना पक्के ठाऊक होते. तापमापकाचेही तसेच असते.

कुलाबा म्हणजे दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. समुद्राचे पाणी रात्री जमिनीइतके झपाट्याने थंड होत नाही. त्यामुळे कुलाब्याच्या रात्री उबदार राहतात; जानेवारीतही तेथले सरासरी किमान तापमान १९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जहाजांच्या सोयीसाठी निवडलेली ही जागा थंडी मोजायला शहरातली बहुधा सर्वांत प्रतिकूल जागा होती. आणि जवळजवळ शंभर वर्षे 'मुंबईचे तापमान' म्हणून जो आकडा छापला जायचा तो या जागेचा असायचा.

दुसरा तापमापक विमानांमुळे आला. सांताक्रूझच्या विमानतळाला हवामानाची माहिती लागू लागली, तशी तेथे वेधशाळा झाली. तिची नोंद कुलाब्याच्या मानाने अगदी अलीकडची, स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झालेली. विमानतळाभोवती मोकळे मैदान, वर उघडे आकाश, समुद्र थोडा दूर. तेथे जानेवारीचे सरासरी किमान १७ अंशांच्या आसपास असते.

जहाजांनी एक तापमापक दिला आणि विमानांनी दुसरा. दोघांच्या मधोमध, दोन्हींपासून दहा-बारा किलोमीटरवर, परळ. तेथे गिरण्यांनी तापमापक दिला नाही. म्हणजे होते, पण गिरणीच्या आत. सुताला किती उष्णता आणि किती दमटपणा लागतो हे मोजण्यासाठी ते भिंतीवर टांगलेले असत. बाहेरच्या माणसाला किती थंडी वाजते हे मोजण्याचे कारण कोणालाच नव्हते.

दोन तारखा

आता घरचा वाद. हवामान खात्याच्या नीचांकांच्या तक्त्यात मुंबईच्या दोन ओळी आहेत. कुलाबा: ११.७ अंश, २२ जानेवारी १९६२. सांताक्रूझ: ७.४ अंश, २७ जानेवारी १९६२. त्यानंतरच्या साठहून अधिक हिवाळ्यांत यांतला एकही आकडा मोडलेला नाही.

मी जुने कॅलेंडर काढले. २७ जानेवारी १९६२ हा शनिवार होता, प्रजासत्ताक दिनाचा दुसरा दिवस. आणि २२ जानेवारी सोमवार.

तोवर बाबा गेले होते. आईला तक्ता दाखवला. तिने चष्मा लावून दोन्ही ओळींवर बोट ठेवले आणि विचारले, "म्हणजे दोन्ही दिवस खरे?" मी हो म्हणालो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं रे."

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला येथे थांबून सावध व्हायला हवे. आठवण हा पुरावा नव्हे. उपासाचा सोमवार दुसरा कुठला असू शकतो. 'सव्वीस जानेवारी' हा कॅलेंडरातला ठळक दिवस आहे, म्हणून आठवण त्याला जाऊन चिकटली असेल. पण एवढे म्हणता येईल, की समुद्राजवळच्या गिरगावात वाढलेल्या मुलीला कुलाब्याचा दिवस लक्षात राहिला आणि उत्तरेला परळला उभ्या असलेल्या तरुणाला सांताक्रूझचा. त्या आठवड्यात एकच थंडी नव्हती. ती आली, किंचित सरली, पुन्हा आली; आणि शहराच्या दोन टोकांना तिने वेगवेगळ्या दिवशी तळ गाठला.

अशी थंडी येते कशी, तेही सांगायला हवे. मुंबईची थंडी मुंबईत तयार होत नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, थंड हवेचे झंझावात इराण-अफगाणिस्तानावरून सरकत आपल्या उत्तरेला येतात. हिमालयात बर्फ पडते. झंझावात पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान, गुजरात ओलांडून खाली उतरतात. एरवी मुंबईवर समुद्राच्या दमट हवेचे पांघरूण असते. हे वारे ते पांघरूण ओढून काढतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी. मग जमिनीची दिवसभराची ऊब रात्री सरळ आकाशात निघून जाते. दोन-चार दिवस हे वारे टिकले, की आपण म्हणतो, थंडी पडली.

बासष्ट सालच्या लोकांना याचे कारण वेगळेच दिसत होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार होते, आणि या अष्टग्रहीने जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ-याग, जप, नामसप्ताह चालू होते. पाच फेब्रुवारीला सूर्यग्रहणही होते. पानशेतचा प्रलय होऊन जेमतेम सहा महिने झालेले, गोवा महिन्यापूर्वी मुक्त झालेला, लोकसभेची निवडणूक तोंडावर. उत्तर मुंबईत व्ही. के. कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची लढत गाजत होती. अशा दिवसांत पहाटे मुंबईत तोंडातून वाफ निघू लागली, तर माणसे ती ग्रहांच्या खात्यावर मांडणारच. आईच्या आजीने मांडली होती. अष्टग्रही आली, गेली, जग राहिले. थंडी तेवढी तक्त्यात नोंदली गेली.

सात वाजताचा भोंगा

रोजचे किमान तापमान मध्यरात्री येत नाही. रात्रभर जमीन ऊब घालवत राहते आणि सूर्य उगवून ती पुन्हा तापू लागेपर्यंत पारा उतरतच असतो. म्हणून दिवसातली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आगेमागे असते. जानेवारीच्या अखेरीस मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो.

आता गिरणीच्या पाळ्या आठवा. पहिली सकाळी सात ते दुपारी साडेतीन. दुसरी साडेतीन ते रात्री बारा. तिसरी, म्हणजे रातपाळी, बारा ते सात. सातचा भोंगा झाला, की रातपाळीचे लोक बाहेर आणि पहिल्या पाळीचे आत. म्हणजे गिरणगावातले हजारो कामगार रोज नेमके त्याच घटकेला उघड्यावर असत, जेव्हा पारा सर्वांत खाली असतो.

बाहेर येणाऱ्याचे हाल जास्त. कापसाचा धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो. म्हणून साचाखात्यात हवा मुद्दाम ओली ठेवत, खिडक्या बंद ठेवत, पाण्याचे तुषार सोडत. आत ऐन जानेवारीतही घाम फुटे. सदरा ओला, केसांत कापसाची पिंज, आणि अशा अंगाने माणूस दाराबाहेर पाऊल टाकी. ओल्या कपड्यांवर कोरडा वारा लागला, की पाणी वाफ होऊन उडते आणि अंगातली ऊब बरोबर घेऊन जाते. मातीच्या माठातले पाणी गार होते तेच कारण. तापमापक कोरडा असतो. रातपाळीचा कामगार ओला असायचा. बाबांना त्या सकाळी वाटलेली थंडी सांताक्रूझच्या ७.४ मध्येही नाही आणि कुलाब्याच्या ११.७ मध्येही नाही.

वेधशाळेत काय होत होते? किमान तापमान मोजण्याच्या नळीत अल्कोहोल असते आणि त्यात टाचणीएवढी एक काडी. अल्कोहोल आकसत मागे सरकते तसे ते काडीला ओढत नेते. तापमान वाढू लागले, की अल्कोहोल पुढे जाते, काडी तेथेच राहते. निरीक्षक साडेआठला येतो आणि काडी कोठे थांबली आहे ते वाचतो. पहाटे तेथे कोणी नसले तरी चालते. परळच्या गेटवर पहाटे सगळे होते, काडी नव्हती.

थंडीवर गिरणगावाचे उपाय स्वतःचे होते. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गाववाले. पाळ्या वेगळ्या म्हणून अंथरूणही आळीपाळीने. बाबा सांगत, रातपाळी करून आले, की पहिल्या पाळीला गेलेल्याची गोधडी अजून उबदार असायची. खोलीत एवढी माणसे, की आत थंडी शिरायला जागा नव्हती. थंडी वाजायची ती गॅलरीत, जिन्याखाली, पटांगणात आणि फुटपाथवर झोपणाऱ्यांना. गावाहून आलेली घोंगडी आणि जुन्या लुगड्यांच्या वाकळा हे गिरणगावाचे लोकरी कपडे. दिवसभर कापड विणणाऱ्या या वस्तीला लोकरीचा स्वेटर परवडायचा नाही. पुढे आंबेडकर रस्त्यावर परळच्या बाजूला तिबेटी निर्वासित हिवाळ्यात स्वेटर-शालींचे स्टॉल लावू लागले, तेव्हा कुठे रंगीत स्वेटर चाळीत आले.

मग परळला त्या सकाळी नेमके किती अंश होते? प्रामाणिक उत्तर असे, की दोन बाजूंनी मर्यादा घालता येते, आकडा देता येत नाही. परळ कुलाब्याइतके समुद्राच्या मिठीत नाही, म्हणून तेथे कुलाब्यापेक्षा गारठा जास्त असणे शक्य आहे. सांताक्रूझइतके मोकळेही नाही. चाळींच्या भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री सोडतात, गिरण्यांचे बॉयलर आणि चिमण्या आपली ऊब ओततात, म्हणून तेथे सांताक्रूझपेक्षा कमी असणे शक्य आहे. या दोन 'शक्य आहे'च्या मध्ये चार अंशांहून मोठी जागा आहे. लाखो लोक त्या जागेत राहत होते.

पेटीतली थंडी आणि जमिनीवरची थंडी

हा घोटाळा मुंबईपुरता नाही. महाराष्ट्रात जेथे खरोखर पाणी गोठते तेथेही तो दिसतो. मुंबईत पारा शून्याजवळ कधी गेलेला नाही. या शहराने पहिले गोठलेले पाणी पाहिले ते १८३४ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरून कापून जहाजाने आणलेल्या बर्फाच्या रूपाने. पण महाबळेश्वरला जवळजवळ दर हिवाळ्यात बातमी येते: वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. बोटींवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरी साय धरते. त्याच दिवशी गावातल्या वेधशाळेचा आकडा पाहावा तर तो शून्याच्या कितीतरी वर असतो. वाचक बुचकळ्यात पडतो: शून्य अंश झालेच नाहीत, मग बर्फ कसा?

उत्तर सोपे आहे. वेधशाळेतला तापमापक एका लाकडी, झरोक्यांच्या, पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेला असतो. स्कॉटलंडचे अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती पेटी बनवली. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे हे वडील. ऊन, पाऊस आणि आकाश यांपासून तापमापकाला आडोसा मिळावा आणि जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत, हा तिचा हेतू. पण गवताचे पाते आडोशाला नसते. ते उघड्या आकाशाखाली ऊब गमावते आणि पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होते. शिवाय थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळून तलावाकाठच्या खोलगट भागात साचते. गाव वर, तलाव खाली. तापमापक वर, स्ट्रॉबेरी खाली.

जमिनीलगतच्या या हवेचा बारकाईने अभ्यास आपल्या पुण्यात झाला. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची 'सिमला ऑफिस'ची इमारत ही त्याची खूण. तेथे शेतीच्या हवामानावर काम करणारे एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते. ती वीतभर ते हातभर उंचीवर असते. आधी जगातल्या शास्त्रज्ञांना हे पटेना. आज तो 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो. तीन वर्षांनी, १७ जानेवारी १९३५ रोजी, पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला. तो पुण्याचा नीचांक आजही कायम आहे.

निफाडच्या द्राक्षबागाइतदाराला हे शास्त्र नावाने ठाऊक नसेल, पण कामाने ठाऊक आहे. पारा फार उतरला, की मण्यांना तडे जातात, वाढ खुंटते, वर्षाचे पीक हातचे जाते. म्हणून तो पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करतो, ठिबकने पाणी सोडतो. विहिरीचे पाणी थंड हवेपेक्षा उबदार असते. त्याला नाशिकच्या आकड्याचा उपयोग नाही. त्याला त्याच्या बागेत, घडाच्या उंचीवर, किती अंश आहेत हे हवे. म्हणून निफाडला गहू संशोधन केंद्रात घेतली जाणारी नोंद त्या भागात रोज सकाळी विचारली जाते. आकडा कोणाच्या कामाचा आहे, हे तापमापक कोणाजवळ आहे यावर ठरते. निफाडच्या शेतकऱ्याने आपल्या आकड्यासाठी आग्रह धरला. गिरणगावाला तसे कधी सुचले नाही; त्याचे लढे पगाराचे, बोनसचे आणि शेवटी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपाचे होते. तोही हिवाळाच होता. त्यानंतर भोंगे एकेक करून थांबले.

आकडा कुठला, हे विचारावे

दोन वेधशाळांमधली दरी किती मोठी असू शकते, हे मुंबईला एकदा फार महागात शिकावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला साधारण ७३. एकच शहर, एकच दिवस. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. पाऊस वस्तीवस्तीचा वेगळा असतो, हे मान्य करायला शेकडो माणसे जावी लागली. थंडीने मुंबईत असा घाला घातलेला नाही, म्हणून तिच्याबाबत हा प्रश्न अजून कोणी विचारत नाही.

हवामान खात्याने मात्र किनाऱ्याचा विचार केलेला आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा खाली आल्याशिवाय थंडीची लाट म्हणत नाहीत. किनाऱ्यावरच्या ठिकाणी हा निकष वेगळा आहे: पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक खाली गेला आणि तो पंधरा किंवा त्याहून कमी असला, की थंडीची लाट म्हणता येते. दिल्लीकराला हसू येईल. पण हा निकष शहाणपणाचा आहे. पंधरा अंश ही गोष्ट दिल्लीत वेगळी आणि जेथे बहुतेकांकडे पांघरायला चादरच असते तेथे वेगळी. थंडी किती आहे एवढेच विचारून भागत नाही. ती कोणाला वाजते आणि त्याच्याकडे काय आहे, हेही त्या निकषात आले आहे.

हा लेख लिहितो आहे तेव्हा ऑक्टोबरचा उन्हाळा तापलेला आहे आणि अजून महिन्या-दीड महिन्यात हिवाळ्याचा अंदाज जाहीर होईल. डिसेंबर ते फेब्रुवारी किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, कमी राहण्याची किती, असे रंगवलेले नकाशे येतील. जानेवारीत कधीतरी वर्तमानपत्रात 'मुंबई गारठली' असा मथळा येईल आणि खाली सांताक्रूझचा आकडा असेल. आपण शिवाजी पार्कवर मफलर गुंडाळून फिरायला जाऊ, कांदाभजी होतील. मुंबईकराला थंडी ही मेजवानी वाटते, आणि त्यात वाईट काहीच नाही.

फक्त त्याच पहाटे परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या बाहेरून एक फेरी मारावी. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहारमधून रोग्याला घेऊन आलेले नातेवाईक फुटपाथवर ओळीने झोपलेले असतात. दगडी फुटपाथ रात्री थोडी ऊब देतो, पण वरचे आकाश ती ओढून घेते. डोक्यावर नुसते ताडपत्रीचे छप्पर असले तरी फरक पडतो, हे कोणत्याही हवामानशास्त्रज्ञाला विचारावे. गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या, त्यांच्या जागी पन्नास-साठ मजल्यांचे टॉवर आले. पण पहाटे सात वाजता, पारा सर्वांत खाली असताना, परळला उघड्यावर असणारी माणसे अजून आहेत. गिरणी कामगारांच्या जागी आता ती आहेत, एवढाच बदल.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही, आणि आकड्यात ते आता मिळणारही नाही. पण जे मिळू शकते ते हातचे जाऊ नये असे वाटते. बासष्टच्या जानेवारीत जे पंधरा-वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या घरात असेल, तर या दिवाळीत फराळाच्या वेळी विचारावे: तुम्ही तेव्हा कोठे राहत होता, कुठल्या पाळीला होता, कुठला वार होता, अंगावर काय होते, रात्री कोठे झोपला होता. आणि ते गाव-गल्ली-तारखेसह लिहून ठेवावे. एकेकट्या आठवणीला पुरावा म्हणता येत नाही. पण शंभर आठवणी नकाशावर मांडल्या, तर कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यामधली ती कोरी जागा थोडीफार भरेल. मी सुरुवात केली आहे. माझ्या वहीतल्या पहिल्या दोन नोंदी अशा आहेत:

मुगभाट, गिरगाव. सोमवार. नळाचे पाणी हाताला बोचत होते.

परळ. शनिवार, सकाळी सात. रातपाळी सुटली. सदरा ओला होता.